स्कॉटिश टॅटू: कुठल्या चिन्हाचा काय अर्थ, आणि गोंदवण्याआधी पडणारे प्रश्न

पुण्यात टॅटू काढायला लागल्यापासून दर महिन्याला दोन-तीन जण तरी स्कॉटिश डिझाइन घेऊन येतात. कुणी ग्लासगोला शिकून आलेलं असतं, कुणाची बहीण ॲबर्डीनला तेल कंपनीत असते, कुणी नुसती मालिका पाहून त्या डोंगरांच्या प्रेमात पडलेलं असतं. मी स्वतः एडिंबरात दीड वर्ष काढलं, त्यामुळे ही मंडळी माझ्याकडे वळतात. त्यांचे प्रश्न बहुतेक वेळा तेच असतात आणि गुगलवर मिळणारी उत्तरं अर्धवट असतात, म्हणून हे सगळं एकदा सविस्तर लिहून ठेवलं. कातडीवर कायमचं काही उमटवायचं असेल तर त्याचा जुना अर्थ कुठला आणि परवा-परवा चिकटवलेला कुठला, एवढं तरी माहीत असावं असं मला मनापासून वाटतं.

सेल्टिक टॅटू आणि स्कॉटिश टॅटू एकच का?

नाही. सेल्टिक हे मोठं घर, त्यात आयर्लंड, वेल्स, कॉर्नवॉल, आइल ऑफ मॅन, फ्रान्समधला ब्रिटनी प्रांत आणि स्कॉटलंड अशी बरीच बिऱ्हाडं. तीन पानांचं शॅमरॉक, वीणेसारखं हार्प आणि दोन हातांनी धरलेलं मुकुटधारी हृदय म्हणजे क्लॅडा, ही तिन्ही आयर्लंडची. लाल ड्रॅगन वेल्सचा. एकदा एक मुलगा एडिंबराच्या आठवणीसाठी शॅमरॉक काढून मागत होता. त्याला अर्धा तास बसवून समजावलं, तेव्हा तो थिसल या स्कॉटिश फुलावर आला.

खुद्द स्कॉटलंडही एकजिनसी नाही. ईशान्येला पिक्ट लोकांचे कोरीव दगड, पश्चिमेच्या बेटांवर आणि डोंगरांत गेलिक भाषा, ऑर्कनी-शेटलंडला नॉर्वेहून आलेल्या व्हायकिंगांचा वारसा (ती बेटं 1468-69पर्यंत स्कॉटलंडकडे नव्हतीच), आणि दक्षिणेच्या सखल भागात स्कॉट्स ही वेगळीच बोली. तुमचं नातं यातल्या कुठल्या भागाशी आहे, हे मी आधी विचारते. डिझाइन त्यावरून ठरतं.

स्कॉटलंडमध्ये गोंदण्याची जुनी परंपरा आहे का?

रोमन लोक उत्तरेकडच्या या टोळ्यांना 'पिक्टी' म्हणत. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ रंगवलेले लोक. हे नाव लेखी स्वरूपात पहिल्यांदा इ.स. 297 मध्ये दिसतं. पुढे 5व्या शतकाच्या सुरुवातीला क्लॉडियन या रोमन कवीनं मरणाऱ्या पिक्टाच्या अंगावर लोखंडानं उमटवलेल्या आकृतींचा उल्लेख केला आहे. गोंदण्याचा धागा जोडायचा तर तो इथे. पण पिक्टांची गोंदलेली कातडी कुठे सापडलेली नाही, आणि कविता म्हणजे पंचनामा नव्हे. त्यामुळे 'अस्सल प्राचीन स्कॉटिश टॅटू' म्हणून जे विकलं जातं ते मुळात दगड, धातू किंवा हस्तलिखितावरून उचललेलं असतं. त्यात वाईट काही नाही, फक्त ते प्राचीन टॅटू नव्हे.

इंग्रजांविरुद्ध लढलेल्या विल्यम वॉलेस या स्कॉटिश योद्ध्याचा निळ्या रंगानं माखलेला चेहरा सिनेमातून आला. वॉड या वनस्पतीच्या निळ्या रंगाबद्दल ज्युलियस सीझरनं लिहिलं ते ब्रिटनच्या लोकांबद्दल, वॉलेसच्या जवळजवळ साडेतेराशे वर्षं आधी. वॉलेसची स्टर्लिंग ब्रिजची लढाई 1297ची, तेव्हा लोक चिलखत आणि शिरस्त्राण घालून लढत. आणि वॉडचा रंग टॅटूची शाई म्हणून वापरून पाहू नका. कातडीला त्याचा त्रास होतो.

थिसल म्हणजे नेमकं कुठलं फूल? त्याचा अर्थ काय?

स्कॉटलंडचं राष्ट्रीय फूल. खाली काटेरी खवल्यांचा हिरवा गोळा, वर जांभळ्या तंतूंचा झुबका. आपल्या माळरानावर उटकटारी दिसते ना, गोल काटेरी चेंडूसारखी? ती याच कुळातली, सूर्यफुलाच्या खानदानातली. गावाकडच्या माणसाला थिसल समजावताना मी उटकटारीचं नाव घेते, आणि अनवाणी पायानं ती कधी तुडवली आहे का विचारते. पुढची गोष्ट मग आपोआप कळते.

गोष्ट अशी: नॉर्वेचे सैनिक रात्री चोरपावलांनी हल्ला करायला निघाले. आवाज होऊ नये म्हणून त्यांनी पायातली पादत्राणं काढली. एकाचा पाय थिसलवर पडला, तो कळवळून ओरडला, स्कॉटिश छावणी जागी झाली आणि डाव उधळला. ही कथा 1263च्या लार्ग्जच्या लढाईला जोडली जाते, पण त्या काळच्या कुठल्याही नोंदीत ती नाही. थिसल स्वतः मात्र पक्कं जुनं आहे. 1470च्या सुमारास राजा तिसऱ्या जेम्सच्या चांदीच्या नाण्यांवर ते आहे. 1687 मध्ये सातव्या जेम्सनं 'ऑर्डर ऑफ द थिसल' हा सरदारी मान उभा केला, त्याचं लॅटिन ब्रीद म्हणजे 'मला डिवचून कुणी सुखानं परत जात नाही'. स्कॉट्स बोलीत लोक तेच सांगतात, 'व्हा डॉर मेडल वि मी'. माझ्या नादाला लागायची छाती आहे कुणाची!

म्हणून थिसल म्हणजे नाजूक फूल नव्हे. ते स्वतःहून कुणाच्या अंगावर जात नाही, पण तुडवू पाहणाऱ्याला सोडत नाही. लग्नातून बाहेर पडलेल्या, आजारातून उठलेल्या बायकांनी माझ्याकडून सगळ्यात जास्त काढून घेतलेलं स्कॉटिश चिन्ह हेच.

काढताना एक गोष्ट सांभाळावी लागते. सगळी गंमत खालच्या खवल्यांत आहे. एकावर एक बसलेल्या खवल्या, प्रत्येकीच्या टोकाला काटा, आणि मधल्या खवल्या मोठ्या तर कडेच्या अरुंद, तरच गोळा गोल वाटतो. घाईत काढलेल्या थिसलचं अननस होतं. मी आधी बारीक सुईनं खवल्यांच्या कडा घेते, मग प्रत्येक खवलीच्या मुळाशी ठिपक्यांची सावली. वरचे तंतू एका दमात, खालून वर, शेवटाला हात हलका करत. जांभळा रंग हवाच असं नाही. नुसत्या काळ्या शाईतलं थिसल गव्हाळ कातडीवर पंधरा वर्षांनीही ओळखू येतं.

राष्ट्रीय प्राणी युनिकॉर्न कसा? आणि तो साखळीत का?

मध्ययुगात युनिकॉर्न म्हणजे लहान मुलांच्या दप्तरावरचं गुलाबी घोडं नव्हतं. तो कुणाच्याही काबूत न येणारा, उग्र, शुद्ध प्राणी मानला जाई. स्कॉटलंडच्या राजांनी तो आपल्या राजचिन्हात घेतला, 15व्या शतकात 'युनिकॉर्न' नावाची सोन्याची नाणीही पाडली. गळ्यातली सोन्याची साखळी सांगते की असा प्राणीसुद्धा या राजानं बांधला. मूळ अर्थ राजसत्तेचा आहे. 1603 मध्ये दोन्ही मुकुट एका डोक्यावर आले, तेव्हापासून ब्रिटिश राजचिन्हात इंग्लंडचा सिंह आणि स्कॉटलंडचा युनिकॉर्न समोरासमोर उभे आहेत.

आज पुष्कळ जण तुटलेल्या साखळीचा युनिकॉर्न मागतात, म्हणजे स्वातंत्र्य. हा नवा अर्थ आहे, आणि 2014च्या सार्वमतानंतर त्याला राजकीय वासही आहे. तेव्हा सुमारे 55 टक्के लोकांनी ब्रिटनसोबत राहायचं ठरवलं, 45 टक्क्यांनी वेगळं व्हायचं. तुटलेली साखळी गोंदलीत तर तिथला माणूस तुम्हाला त्या 45 टक्क्यांत धरेल. तुम्हाला तसंच म्हणायचं असेल तर खुशाल गोंदवा.

लाल सिंह आणि निळा झेंडा, यातलं काय घ्यावं?

निळ्यावर पांढरी फुली म्हणजे सॉल्टायर, संत अँड्र्यूचा क्रॉस, सगळ्या लोकांचा झेंडा. आख्यायिका सांगते की 832 मध्ये अॅथलस्टेनफर्डच्या लढाईआधी निळ्या आकाशात ढगांची पांढरी फुली दिसली. पिवळ्यावर मागच्या पायांवर उभा लाल सिंह मात्र राजाचा ध्वज. 13व्या शतकापासून तो राजांच्या शिक्क्यावर आहे, आणि आजही इमारतीवर तो फडकवायला तसा अधिकार लागतो. कातडीवर काढायला आडकाठी नाही. सिंह दंडावर छान बसतो. सॉल्टायरचं पांढरं मात्र आपल्या त्वचेवर टिकत नाही, त्याबद्दल खाली लिहिलं आहे.

सेल्टिक गाठींचे अर्थ खरे आहेत का? 'ही गाठ बहिणींची, ही आईची' असं लिहिलेलं असतं.

हे तक्ते बहुतेक अलीकडचे आहेत. 8व्या-9व्या शतकात हस्तलिखितं आणि दगडी क्रॉस सजवणाऱ्यांनी कुठल्या गाठीचा काय अर्थ याची यादी मागे ठेवलेली नाही. तीन टोकांच्या गाठीला ख्रिस्ती त्रिमूर्तीचा संदर्भ देतात, तेवढा समजण्यासारखा आहे. बाकी 'बहिणींची गाठ', 'मैत्रीची गाठ' ही दागिन्यांच्या आणि टॅटूच्या दुकानांची देणगी.

तरी गाठ निवडू नका असं मी म्हणणार नाही. तिचं सौंदर्य तिच्या बांधणीत आहे: एकच रेघ, एकदा वरून, एकदा खालून, पुन्हा वरून, आणि फिरून जिथून निघाली तिथेच परत. सुरुवात सापडत नाही, शेवट सापडत नाही. हे पाहायला कुठल्या तक्त्याची गरज नाही. आयोना या पश्चिमेच्या छोट्या बेटावर कोलंबा या संतानं 563 मध्ये मठ स्थापला. आज डब्लिनला असलेलं 'बुक ऑफ केल्स' तिथेच सुरू झालं असावं असं बरेच अभ्यासक मानतात. त्यातल्या काही गाठी इतक्या बारीक आहेत की भिंग लागतं.

या गाठी कशा रचायच्या हे 20व्या शतकात जॉर्ज बेन या स्कॉटिश चित्रकला शिक्षकानं उलगडून दाखवलं. आधी ठिपक्यांची जाळी, मग ठिपक्यांमधून वळणारी रेघ. मी ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला आमच्या अंगणातली ठिपक्यांची रांगोळी आठवली. आई आधी ठिपके मोजून द्यायची आणि मग रेघ फिरवायची, आणि एक ठिपका चुकला की अख्खी रांगोळी बसायची. गाठीचंही तंतोतंत तसंच. म्हणून गाठीचा टॅटू घेताना कलाकाराला एकच विचारा: वर-खाली, वर-खाली हा क्रम सगळीकडे पाळला आहे का? स्टेन्सिलवर बोट ठेवून रेघेबरोबर फिरवा. लागोपाठ दोनदा 'वर' आलं तर तिथे गाठ चुकली आहे. सुई लागण्याआधी हे तपासायला दोन मिनिटं पुरतात.

पिक्टिश चिन्हं कुठली? ती काढावीत का?

माझी सगळ्यात आवडती हीच, आणि ती फार कमी लोक मागतात. चंद्रकोरीवर इंग्रजी व्हीच्या आकाराचा मोडका बाण, जोडलेली दोन चक्रं आणि त्यांवर झेडच्या आकाराची काठी, आरसा आणि कंगवा, साप, सामन मासा, बर्गहेडचा बैल, आणि सोंडेसारखं तोंड व गुंडाळलेले पाय असलेलं एक जनावर, ज्याला अभ्यासक नुसतं 'पिक्टिश बीस्ट' म्हणतात. कुणी त्यात डॉल्फिन पाहतं, कुणी हत्ती.

अँगस परगण्यात अॅबरलेम्नो नावाचं गाव आहे. तिथे रस्त्याच्या कडेलाच हे दगड उभे आहेत, ना तिकीट ना रांग. हिवाळ्यात त्यांना लाकडी पेट्या घालून झाकतात, त्यामुळे जायचं तर उन्हाळ्यात. मी गेले तेव्हा संध्याकाळ होती. समोरून पाहिलं तर दगड सपाट करडा दिसत होता. ऊन बाजूनं तिरकं पडलं तशी सापाची रेघ एकदम उठून आली, जणू आत्ताच कुणी छिन्नी खाली ठेवली आहे. दीड हजार वर्षांच्या आसपासचं काम, आणि एकही रेघ दुबळी नाही. टॅटूच्या रेघेबद्दल मी जे शिकले त्यातलं निम्मं त्या दगडापुढे उभं राहून शिकले.

ही चिन्हं अजून वाचता आलेली नाहीत. ती माणसांची नावं असावीत हा एक बळकट तर्क आहे. 'चंद्रकोर म्हणजे मृत्यू, आरसा म्हणजे स्त्री' असं कुणी छातीठोक सांगितलं तर ते त्याचं मत समजा. ज्यांना सगळ्याचा अर्थ लगेच हवा असतो त्यांनी दुसरं काही निवडावं. अर्थ न लागलेली पण कुणीतरी अतिशय मनापासून कोरलेली खूण अंगावर बाळगायला ज्याला आवडेल, त्याच्यासाठी ही आहेत.

क्लॅनचं चिन्ह काढलं तर चालेल? मी तर कुलकर्णी.

क्लॅन म्हणजे घराणं किंवा भाऊबंदकी, आपल्याकडच्या कुळीच्या जवळ जाणारी गोष्ट. पट्टा आणि बक्कल यांच्या वर्तुळातलं जे चिन्ह दिसतं ते मुळात त्या घराण्याच्या प्रमुखाचं असतं. भोवतीचा पट्टा सांगतो की हे धारण करणारा त्या प्रमुखाचा माणूस आहे. म्हणजे तुम्ही कॅम्पबेलचं रानडुकराचं डोकं गोंदलंत, तर 'मी कॅम्पबेलांच्या पदरी आहे' असं लिहून घेतलंत. कुणी खटला भरणार नाही, पण कुणा परक्यानं आपल्या देवकाचं चिन्ह असं मिरवलं तर आपल्याला कसं वाटेल, तेवढा विचार करा. लग्नानं तुम्ही त्या घरात गेला असाल, किंवा त्या घरानं तुम्हाला आपलं म्हटलं असेल, तर ती वेगळी गोष्ट.

ब्रीदवाक्यं मात्र मोठी सुंदर आहेत. मॅक्लाउडांचं 'होल्ड फास्ट', म्हणजे घट्ट धरून राहा. जुने खलाशी हेच दोन शब्द दोन्ही हातांच्या आठ बोटांवर गोंदत, दोर सुटू नये म्हणून. कॅम्पबेलांचं लॅटिन ब्रीद 'विसरू नका'. मॅकग्रेगरांचं गेलिक ब्रीद 'माझा वंश राजाचा', आणि याच लोकांचं आडनाव 1603 मध्ये राजानं कायद्यानं बंद केलं. मॅकग्रेगर म्हणवून घेणं हाच गुन्हा. ती बंदी कायमची उठायला 1774 साल उजाडलं. आपलं नाव कातडीवर लिहिण्याची ओढ कुणाला असेल तर ती या माणसांना असावी, असं मला ते वाचताना वाटलं.

टार्टनची चौकडी गोंदता येते का?

येते, पण कष्टाचं काम आहे. टार्टन ट्विल विणीचं कापड, आपल्या जीन्सला असतात तशा त्यात तिरप्या रेषा असतात. दोन रंगांचे पट्टे जिथे एकमेकांना छेदतात तिथे दोन्ही रंग निम्मे-निम्मे दिसतात. नुसते पट्टे काढून छेदावर गडद रंग भरला तर ते टेबलक्लॉथ वाटतं. छेदाच्या चौकोनात तिरप्या बारीक रेषा घातल्या की कापड जिवंत होतं. शिवाय दंडाच्या गोलाईवर सरळ रेघ सरळ राहत नाही. मी सल्ला देते तो अरुंद फितीचा, थिसलच्या देठाला गुंडाळलेल्या.

प्रत्येक घराण्याचं टार्टन पुरातन काळापासून ठरलेलं आहे, हे खरं नाही. कलोडनच्या लढाईत स्कॉटिश बंडखोरांचा पराभव झाल्यानंतर 1746च्या कायद्यानं डोंगराळ भागातल्या पुरुषांना हायलँड पोशाख घालायला बंदी केली, ती 1782 पर्यंत टिकली. ब्रिटनचा राजा चौथा जॉर्ज 1822 मध्ये एडिंबराला आला तेव्हा कादंबरीकार वॉल्टर स्कॉटनं सगळ्यांना टार्टनमध्ये सजवलं, आणि अमुक घराण्याचं अमुक टार्टन ही पद्धत त्या काळात पक्की झाली. 2009 पासून टार्टनची सरकारी नोंदवही आहे. डिझाइन ठरवण्याआधी त्यात धाग्यांची मोजणी पाहून घ्या.

बुद्धिबळातल्या त्या विचित्र सोंगट्यांचा टॅटू पाहिला. त्या काय आहेत?

लुईस बेटावरच्या सोंगट्या. 1831 मध्ये तिथल्या ऊग भागात वाळूत सापडल्या, बहुतेक सगळ्या वॉलरसच्या सुळ्यात कोरलेल्या, 12व्या शतकातल्या. एकूण 93 वस्तू, त्यातल्या 82 लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आणि 11 एडिंबराच्या राष्ट्रीय संग्रहालयात.

त्यातली राणी गालावर हात टेकवून बसली आहे, डोळे विस्फारलेले. पटावर काहीतरी भलतंच घडलेलं तिनं पाहिलंय आणि आता काय करावं हे तिला सुचत नाहीये, असा तो चेहरा. काचेपलीकडे ती जेमतेम बोटभर उंचीची आहे. मी तिच्यासमोर किती वेळ उभी होते ते सांगितलं तर अतिशयोक्ती वाटेल. आपल्या पटावर तिच्या जागी वजीर असतो. आणि रागानं ढालीला दात लावलेला जो योद्धा आहे, तो म्हणजे आपला हत्ती. भारतातल्या चतुरंगातून निघालेला खेळ उत्तर अटलांटिकच्या टोकाला पोचला, तेव्हा आपल्या हत्तीच्या घरात ढाल चावणारा शिपाई उभा होता. मराठी माणसानं स्कॉटिश टॅटू म्हणून काय काढावं असं कुणी मला विचारलं, तर मी या शिपायाचं नाव घेते. अर्थ? काठावर उभं राहून दात-ओठ खात गड राखणारा.

रॉबर्ट ब्रूस आणि कोळ्याचा टॅटू कसा वाटतो?

शाळेत 'प्रयत्नांती परमेश्वर' शिकवताना ही गोष्ट आपण सगळ्यांनीच ऐकली आहे: हरलेला राजा गुहेत लपलेला, कोळी पुन्हा पुन्हा पडतो आणि शेवटी जाळं लावतो. ब्रूसनं 1314 मध्ये बॅनकबर्नची लढाई जिंकली हा इतिहास. कोळी ही पुढची भर, आणि तिला घरोघरी नेलं ते 19व्या शतकात वॉल्टर स्कॉटनं. गोष्ट म्हणून ती गोड आहे. फक्त जाळं कोपरावर नको. पाश्चात्त्य देशांत कोपरावरचं जाळं तुरुंगवासाशी जोडलं जातं. मनगटाच्या आत एका धाग्याला लोंबणारा छोटा कोळी काढा, गोष्ट पोचते.

जोडप्यासाठी किंवा बाळासाठी काही आहे का?

लकनबूथ. एक किंवा दोन गुंतलेली हृदयं, वर मुकुट. एडिंबराच्या हाय स्ट्रीटवर सेंट जाइल्स चर्चजवळ कुलूप लावता येणारी छोटी दुकानं होती, तिथे चांदीच्या या पिना विकायच्या, त्यावरून हे नाव. प्रियकर प्रेयसीला देई, आणि मूल झालं की तीच पिन बाळाच्या शालीला लावत, नजर लागू नये म्हणून. काळी तीट लावणाऱ्या आपल्या आयांना हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. क्लॅडाऐवजी हे घ्या, अस्सल स्कॉटिश आहे.

गेलिकमध्ये वाक्य लिहायचं आहे. ऑनलाइन भाषांतर चालेल का?

अजिबात नको. मी इथे हट्टी आहे, कारण एकदा माझ्याच टेबलावर पूर्ण झालेलं वाक्य चुकीचं निघालं. ग्राहकानं फोनवरून काढून आणलेलं होतं आणि मी न विचारता गोंदलं. ती चूक माझी. तेव्हापासून गेलिक जाणणाऱ्या माणसानं पाहिल्याशिवाय मी सुई हातात घेत नाही.

अडचण कुठे येते ते मराठीतून चटकन कळेल. आपल्याकडे 'घर'चं 'घराला' होताना बदल शब्दाच्या शेवटाकडे होतो. गेलिकमध्ये तो शब्दाच्या सुरुवातीला होतो. 'प्रेम' हा शब्द एकटा असताना एक, आणि 'माझं प्रेम' म्हणताना त्याचं पहिलं व्यंजन मऊ होऊन लिहिण्यातही एक अक्षर वाढतं. यंत्र आणि शब्दकोश इथे फसवतात. स्वरावरची तिरकी रेघही पाहा. स्कॉटिश गेलिकमध्ये ती डावीकडून उजवीकडे उतरते, आयरिशमध्ये चढते. उलटी काढली की भाषाच बदलते. 'स्कॉटलंड चिरायू' या अर्थाच्या घोषणेतला देशाचा शब्द दिसायला 'आल्बा', पण उच्चार 'अलापा'च्या जवळ जातो. 2011च्या जनगणनेत ही भाषा बोलणारे सुमारे 57 हजारच होते. इतक्या थोड्या लोकांच्या तोंडी उरलेली भाषा चुकीची लिहिली जाऊ नये.

ओगम या रेघांच्या लिपीत स्वतःचं नाव हवं असेल तर एक सांगते: तिच्या मूळ वीस अक्षरांत 'प'ला अक्षरच नाही. पल्लवी आणि प्रथमेश यांनी दुसरा मार्ग शोधावा.

कुठली चिन्हं काढताना सावध राहावं?

वर्तुळात सारख्या चार भुजा असलेला साधा, जाड क्रॉस युरोप-अमेरिकेत गोऱ्या वर्चस्ववाद्यांनी उचलला आहे. आपल्या स्वस्तिकाचं काय झालं ते आपण जाणतो, तसंच हे. क्रॉस हवाच असेल तर आयोनाच्या सेंट मार्टिन क्रॉससारखा, लांब दांड्याचा आणि कोरीव घ्या. 8व्या शतकापासून तो त्याच जागी उभा आहे. ग्लासगोला राहणार असाल तर हिरवं-पांढरं आणि निळं-पांढरं-लाल ही रंगसंगती फुटबॉल क्लब आणि त्यामागच्या धार्मिक तेढीची ओळख बनते, हेही लक्षात असू द्या.

महाराष्ट्राशी संबंध असलेलं एखादं स्कॉटिश चिन्ह?

आहे, आणि ते रक्तातून आलेलं आहे. जालना जिल्ह्यात, केळणा आणि जुई नद्यांच्या बेचक्यात असई गाव आहे. 23 सप्टेंबर 1803 रोजी तिथे इंग्रज सेनापती वेलस्लीच्या फौजेची शिंदे-भोसल्यांशी लढाई झाली. 74वी आणि 78वी या दोन हायलँड पलटणी त्यात होत्या. 74वीची अर्ध्याहून जास्त माणसं त्या दिवशी मेली किंवा जखमी झाली. शिंद्यांच्या गोलंदाजांनीही तोफा सोडल्या नाहीत, कित्येक तोफेजवळच पडले. त्या लढाईची खूण म्हणून या पलटणींना हत्तीचं चिन्ह मिळालं, आणि पुढे ग्लासगोच्या हायलँड लाइट इन्फन्ट्रीच्या बिल्ल्यावर 'असई' या नावासह तो हत्ती कायम राहिला. जुन्या बाजारात असा बिल्ला दिसला तर तो हत्ती कुठला हे आता तुम्हाला कळेल. जालन्याच्या एका मुलाला मी तो हत्ती काढून दिला, पण त्यानं खाली पलटणीचं नाव न घालता एक तोफ काढायला सांगितली.

'एडिंबरा टॅटू' हा टॅटूचा महोत्सव आहे का?

नाही. किल्ल्यासमोर 1950 पासून होणारा तो लष्करी बँडचा कार्यक्रम. तो शब्द डच भाषेतला, 'दारूचे नळ बंद करा, शिपायांना बराकीत पाठवा' या इशाऱ्यावरून आलेला. अंगावरचा टॅटू पॉलिनेशियन 'टाटाउ'वरून. दोघांचा काही संबंध नाही.

आपल्या त्वचेवर कुठले रंग टिकतात?

काळा सगळ्यात भरवशाचा. गडद निळा, गडद हिरवा, लाल चालतात. फिका जांभळा गव्हाळ-सावळ्या त्वचेवर मळकट होतो, त्यामुळे थिसलला गर्द जांभळा किंवा सरळ काळा. पांढरी शाई काही महिन्यांत पिवळट पडते. सॉल्टायरची फुली म्हणूनच मी शाईनं भरत नाही, त्वचा मोकळी सोडते आणि भोवती निळा भरते. गाठी तळहाताएवढ्या तरी मोठ्या हव्यात, नाहीतर दहा वर्षांत रेघा एकमेकींत मिसळतात. घरात कुणाला जखमेच्या जागी जाड वण उठत असेल तर आधी त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.

वयाची किंवा नोकरीची काही अट?

स्कॉटलंडसह सगळ्या ब्रिटनमध्ये 18 वर्षांखालील व्यक्तीला टॅटू काढणं 1969च्या कायद्यानं गुन्हा आहे, आई-वडिलांची परवानगी असली तरी. स्कॉटलंडमध्ये टॅटू काढणाऱ्याला स्थानिक परिषदेचा परवाना लागतो, तो दाखवायला सांगा. इकडे सैन्यभरतीची तयारी करणाऱ्यांना कळकळीनं सांगते: लष्कराच्या नियमांत कायमचा टॅटू कोपराच्या आतल्या बाजूपासून मनगटापर्यंत आणि हाताच्या पाठीवर एवढ्याच जागी चालतो. आदिवासी समाजाच्या रूढीतल्या गोंदणाला सवलत आहे. थिसल दंडावर काढून भरतीतून परत आलेला मुलगा मी पाहिला आहे. आधी जाहिरात वाचा, मग माझ्याकडे या.

आपलं गोंदण आणि स्कॉटिश चिन्ह एकत्र काढता येईल का?

येतं, आणि सुरेख दिसतं. दोन्हींत ठिपके आहेत, ठाशीव रेघ आहे. डंडीला स्थायिक झालेली एक मुलगी सुट्टीत आली होती. आजीच्या हातावरची तुळस तिला हवी होती, शेजारी थिसल. आजीलाही सोबत आणलं होतं. मेल्यावर दागिने इथेच राहतात, बरोबर येतं ते फक्त गोंदण, असं आजी म्हणाल्या आणि त्यांनी हात पुढे केला. सत्तर वर्षांपूर्वी जत्रेत गोंदलेली ती तुळस आता हिरवट पडून पसरली होती. मी तिच्यावर ट्रेसिंगचा कागद ठेवला आणि जशी होती तशी, वाकड्या फांदीसकट उतरवून घेतली. थिसल मी नंतर तिच्या मापानं काढलं, तिच्यापेक्षा बोटभर लहान.